बिवळ्याचा पेला

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यात इतके रामबाण उपाय केले, की आता मला रागही येत नाही, नुसता थकवा येतो. गुडघ्याला लोहचुंबकाचा पट्टा झाला, मनगटात तांब्याचं कडं झालं, गव्हांकुरांचा रस झाला. त्यानं कुणाचं काही वाकडं झालं नाही. मग गावात नुकते फोन आले होते त्या सुमारास आबांनी शिरूरच्या बाजारातून बिवळ्याच्या लाकडाचा पेला आणला. रात्री त्यात पाणी भरायचं, सकाळी ते कोऱ्या चहासारखं लाल झालं की अनशापोटी प्यायचं. रक्तातली साखर उतरते म्हणे. पाणी लाल झालेलं डोळ्यांना दिसत होतं, आणखी काय पाहिजे? दौंडच्या डॉक्टरांच्या गोळ्या फळीवर पडून राहिल्या.

आबा गावात मानाचे. साखरपुडा असो, जावळ असो, त्यांचं पान आधी. वाढलेल्या बुंदीला नाही म्हटलं तर घरधन्याचा अपमान होतो, असं ते मानत. पोटभर खाऊन यायचे आणि मला पेला भरायला सांगायचे. मी गोळ्यांचं नाव काढलं की पालथ्या घड्यावर पाणी. नवरा कारखान्यात शिफ्टला. बोलून वाईट व्हायचं काम माझ्याकडं.

आमच्यात सून सासऱ्यांच्या जवळ जात नाही. ताट ठेवायचं आणि पदर सावरून मागं सरायचं. जवळ जाणं होतं ते सणावाराला, पाया पडताना. त्या दसऱ्याला मी वाकले आणि वास आला. अंगठ्याला बिब्बा फासलेला होता, त्याखाली जखम. त्यांनी पाय धोतरात ओढून घेतला.

"ठेच लागलीय. दुखत बी न्हाई."

शेजारच्या म्हातारीचा पाय असाच न दुखता गेला होता. मी घाबरले, त्याच दिवशी नवऱ्याशी भांडले. पण दिवाळी सरेपर्यंत आबा हलले नाहीत. शेवटी ताप चढला तेव्हा जीपमध्ये घालून दौंडला नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मला चीड एकाच गोष्टीची होती. आबांनी तरुणपणी मेंढरं राखलेली. रोज सांजच्याला एकेक मेंढरू धरून त्याचा खूर उलटा करून बघायचे, काटा राहिला तर जनावर कळपामागं पडतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मेंढरांच्या पायांची एवढी काळजी, आणि स्वतःच्या पायाला लाल पाणी.

आता ते गोळ्या घेतात. पेला फळीवर आहे, टाकू देत नाहीत. मीही त्यावरून वाद घालत नाही.

पुढच्या दसऱ्याला ते खाटेवर बसले होते. मी पदर घेऊन लांबूनच वाकले. उरलेला पाय त्यांनी आत ओढला नाही. पुढं केला आणि तळवा माझ्याकडं वळवला.

"नीट बग," म्हणाले. "खालनं बी बग."

मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.