विटकरी रंग

आमच्या विभागात उंदरांना मधुमेह होत नसे, आम्ही तो त्यांना द्यायचो. शेपटीतल्या शिरेतून एक औषध टोचलं की दोन-तीन दिवसांत उंदीर भसाभस पाणी प्यायला लागायचा, पिंजऱ्याखालचा भुसा सतत ओला राहायचा आणि भरपूर खाऊनही उंदीर वाळत जायचा. काही आठवड्यांनी त्याचा मेंदू काढून बर्फावर ठेवायचा, वाटायचा आणि त्यात सेरोटोनिन किती उरलंय ते मोजायचं. एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारी जी रसायनं मेंदूत असतात, त्यांतलं हे एक. साखर वाढली की ते कमी होतं का, आणि कमी झालं तर उंदीर मलूल होतो तो त्यामुळेच का, हा माझ्या पीएचडीचा विषय. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. नागपुरात या कामाचं यंत्र एकच होतं. ते तापू नये म्हणून त्याच्या खोलीत कूलर असायचा, आमच्या खोलीत नसायचा.

घरी मी उंदरांना औषध देते एवढंच सांगितलं होतं. मान कापते हे सांगितलं नव्हतं. आई-बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. बाबा कापडगिरणीत फिटर. आमच्या वस्तीतून एमएस्सी झालेली पहिली मुलगी मी. नळावर पाणी भरायला गेले तरी बाया बाजूला सरकून माझी घागर आधी लावायच्या, आणि मला ते अवघड व्हायचं.

त्या उन्हाळ्यात मला तहान लागायला लागली. नागपूरच्या मे महिन्यात तहान कोणाला लागत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आई मात्र माठाशेजारीच निजायची, तिच्या लक्षात आलं.

"काहून वं, किती पाणी पिऊन राहिली? माठ सकाळी भरला तं दुपारी खाली."

एक दिवस पिंजऱ्यांच्या बाटल्या भरता भरता माझा हात थांबला. मी बाथरूममध्ये गेले, परीक्षानळीत लघवी घेतली, उंदरांची साखर तपासायला ठेवलेलं निळं द्रावण त्यात घातलं आणि ज्योतीवर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग विटकरी. उंदरांच्या वेळी तो रंग आला की मी वहीत चार अधिकचिन्हं करून खूश व्हायची. आता मला आधी भीती वाटायला हवी होती, पण वाटली ती लाज. कोणी आत येईल, ही नळी कोणाची म्हणून विचारेल, म्हणून मी ती घाईघाईत धुतली आणि उलटी करून ठेवली. माझ्या शरीराने काहीतरी घाण केली आणि ती मी आवरली, असं वाटलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज सुई घ्यावी लागेल म्हणून सांगितलं. आई बाकावर बसून राहिली.

"साखरेची बिमारी शेठ लोकांले होते," ती म्हणाली. "आपल्या घरी चहात साखर पुरत नाही, तुले कुठून झाली?"

घरी आल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि उंदरांना नेमकं काय करता ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मुक्या जीवाचा तळतळाट लागला." आणि लगेच, "कोणाले सांगू नोको. मह्या पोरीचं लगन व्हाचं हाये."

इन्सुलिनची बाटली आम्ही ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवायचो. काचेची सिरिंज चहाच्या भांड्यात उकळायची, म्हणून चहाला वेगळं भांडं आणलं. पाहुणे आले की आई मडक्यावर फडकं टाकायची. विभागात मी कोणालाच काही सांगितलं नाही. डबा खाण्याची वेळ टळू नये म्हणून काहीबाही कारणं काढायची. सोबत काम करणारी एक मैत्रीण मला खादाड म्हणायची. मला ते बरं वाटायचं, खरं कारण झाकलं जायचं.

पावसाळा संपता संपता माझ्या कामावर पहिलं भाषण ठरलं. सगळा विभाग जमणार होता, आणि गावातले एक वयस्क डॉक्टर पाहुणे म्हणून येणार होते. भाषण अकराला. सकाळी सुई घेतली, पोळी खाल्ली, बारापर्यंत मोकळी होईन असा हिशेब केला. पाहुणे रुग्णांत अडकले आणि साडेबारा वाजून गेले तरी आले नाहीत. डबा माझ्या पिशवीत होता. पहिल्या रांगेत सगळे प्राध्यापक बसलेले. सगळ्यांसमोर डबा कसा उघडणार? मी बसून राहिले. हात थरथरायला लागले ते भाषणाच्या भीतीने, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचं मला धड आठवत नाही. मैत्रिणीने नंतर सांगितलं त्यातलं बरंच मला आजही पुन्हा ऐकावंसं वाटत नाही. पाहुणे आल्यावर मी उभी राहिले, पहिल्या दोन स्लाइड नीट सांगितल्या. मग थांबले आणि हसायला लागले. विभागात मी वर्षानुवर्षं जपून, तोलून, पुस्तकातली मराठी बोलायची. घरची बोली पायरीवरच ठेवून आत यायची. त्या दिवशी ती सगळ्यांसमोर सुटली. "याईले पाणी द्या ना कोणी," असं मी उंदरांच्या चित्राकडे हात करून म्हणाले म्हणे. माझ्या मार्गदर्शक सरांनी दंडाला धरून खाली बसवायचा प्रयत्न केला तर मी हात झटकला. पाहुणे डॉक्टर उठले तेव्हा त्यांना विचारलं, "तुम्ही कोण हाय गा?"

एक वाक्य मात्र मी स्वतः ऐकलं. ते कसं काय शिल्लक राहिलं कोण जाणे. पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक शेजारच्याला सांगत होते, "यांच्या वस्तीत दुपारपासूनच सुरू होतं म्हणतात."

पाहुणे माझ्याजवळ आले. कपाळाला हात लावला. मी घामाने भिजले होते. मागच्या टेबलावर चहाची तयारी होती, तिथला कप त्यांनी मागवला, त्यात चमच्यांवर चमचे साखर टाकली आणि माझ्या तोंडाला लावला. चहा माझ्या साडीवर सांडला. त्यांनी उरलेला पाजला.

काही वेळाने माणसं पुन्हा माणसांसारखी दिसायला लागली. तेव्हा ते मोठ्याने विचारत होते, "किती युनिट घेतेस, बेटा? आणि जेवली कधी होतीस?"

ते दयेनेच विचारत होते. पण तो प्रश्न सगळ्या खोलीने ऐकला. आयुष्यभर साखरेवर आणि मेंदूवर काम करणारी माणसं तिथे बसली होती. साखर उतरली की मेंदू कसा भरकटतो हे त्यांतल्या कोणी ना कोणी पुस्तकात लिहिलेलं होतं. त्यांच्यातल्या कोणालाही ते समोर ओळखता आलं नव्हतं, हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. त्या क्षणी मी फक्त पदर ओला आहे आणि सगळे बघताहेत एवढंच पाहत होते.

मी विभागात जाणं बंद केलं. घरी म्हटलं, सुट्टी आहे. आठवडाभराने सर आमच्या वस्तीत आले, घर विचारत विचारत. आईने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः दारात उभी राहिली.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "मीच नाई म्हटलं होतं साहेब. पोरीची जात. लोक बोलतेत."

सर खाली बघत राहिले. "रोज माझ्यासमोर होती," ते म्हणाले, "आणि मला दिसलं नाही." मग त्यांनी भाषण पुन्हा ठेवलंय म्हणून सांगितलं आणि चहा संपवून गेले.

बाबा गिरणीतून आल्यावर त्यांना भाषणाच्या दिवशीचं सगळं कळलं. बाबांनी दीक्षेनंतर दारूचा थेंब घेतला नव्हता. वस्तीतल्या दोघा-तिघांची सोडवलीही होती. त्यांनी विचारलं, "लोक काय म्हणले?"

"काही नाही," मी म्हटलं. ते वाक्य बाबांच्या कानांवर जाऊ नये एवढंच मला वाटत होतं. जणू ते मी बोलले होते.

दुसऱ्या भाषणाला बाबा आले. नको म्हटलं तरी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले. सुरू व्हायच्या आधी ते उठले, सगळ्या खुर्च्या ओलांडून पुढे आले आणि खिशातून कागदात बांधलेली केळी काढली.

"खाऊन घे वं माय, मंग बोल."

मी केळं सोललं. माझे कान तापले होते. बाबा समोरून हलले नाहीत. सालं त्यांनी हातात घेतली आणि जागेवर जाऊन बसले.

भाषण झालं. साखर वाढलेल्या उंदरांत सेरोटोनिन कमी भरलं होतं, इन्सुलिन दिलेल्यांत बरंचसं सावरलं होतं. मी सांगितलं, कुठे अडखळले नाही. मग मागच्या वेळी ते वाक्य बोललेल्या प्राध्यापकांनीच हात वर केला. त्यांनी विचारलं, हे उंदीर वाळलेले असतात, तर मेंदूतला हा फरक साखरेमुळे की शरीर वाळल्यामुळे?

प्रश्न अगदी योग्य होता. त्यांचा मला राग यायला हवा होता, आणि मी मनातल्या मनात तो प्रश्न टिपून घेत होते. याचीही मला लाज वाटली. मी म्हटलं, ते आज सांगता येणार नाही, तितकेच वाळलेले पण साखर नसलेले उंदीर घेऊन पाहावं लागेल. पुढचं वर्ष मी तेच केलं.

परत जाताना बाबांनी सायकल काढली. विभागाच्या फाटकातून मी कॅरिअरवर बसून निघाले, ओळखीची माणसं बाजूने जात होती आणि मी मान खाली घातली होती.

"तो समोरचा बुढा काय विचारून राहिला होता?" बाबांनी विचारलं.

"उंदीर वाळले म्हणून असं झालं का, ते."

"मंग तू काय म्हणाली?"

"माहीत नाही म्हटलं."

बाबा चढावर उभे राहून पॅडल मारत होते. त्यांना दम लागला होता.

"मंग बराबर हाये," ते म्हणाले.