जमिनीला टेकलेली कावड

खोटं मी बोललो होतो आणि त्याची शिक्षा वर्षभर माझ्या जोडीदाराने भोगली. हे आधी सांगून टाकतो.

नगर जिल्ह्यातल्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच शर्यती मी पळालो. चाळिशी आली तरी श्रावणात प्रवरासंगमाचं पाणी वीसेक कोस पळत आणून गावच्या महादेवाला घालायचा मान माझा आणि बापूचा होता. कावड वाटेत जमिनीला टेकवायची नाही. एक दमला की दुसऱ्याने खांदा द्यायचा, ही रीत. एकाहत्तर साली बापू पाणी प्यायला मागे थांबला आणि इमामपूरच्या घाटात माझ्या पायांत गोळे आले. मी कावड खाली टेकवली. गावात घागरींच्या बुडाला चिखल दिसला तेव्हा मी बापूचं नाव सांगितलं. पंचांनी त्याची कावड बंद केली.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. पोटामागे पांगलेल्या गावात दुसरा गडी मिळेना, म्हणून एकटाच निघालो. घोडेगावच्या अलीकडे पाय उचलेनात. बसता येईना, कावड टेकवता येईना. उभ्यानेच डोळे मिटत होते. इतक्या वर्षांचं पळणं अंगात साचल्यासारखं वाटलं. "देवा, आता तूच घे," एवढंच म्हणालो.

रस्त्याकडेला दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक म्हातारी उठून आली आणि तिने खांदा पुढे केला. मी घुटमळलो.

"बाईचा खांदा चालत न्हाई व्हय? मग ऱ्हा उभा. मला लई खडी पडलीय."

मी कावड दिली आणि तिथंच बसलो. तिने जोडीदाराचं विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"मग मला कशाला सांगतूस? त्याला सांग की," ती म्हणाली. "ऊठ आता, माझा खांदा मोडला."

तिला मी देव म्हणणार नाही. ती परत खडी फोडायला गेली. पण मी भार सोडला तेव्हा कुणीतरी तो घेतला, हे मला नाकारता येत नाही. तोवर मी स्वतःच्याच पायांवर पळतो असं समजत होतो.

गावी पोचलो तेव्हा देवळापुढे पंच बसले होते. बापू सगळ्यांच्या मागे उभा होता. मी आधी त्याच्यापाशी गेलो. खांद्यावर कावड होती, हात जोडता येईनात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बापू, गेल्या साली कावड मी टेकवली, तू नाही. तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. माझं चुकलं."