गाईच्या पोटातलं दुसरं हृदय

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात हृदयाचं एक चित्र होतं. अर्धं लाल, अर्धं निळं, आणि रक्त कुठून येतं, कुठे जातं हे दाखवणारे बाण. मी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे त्या सगळ्या झडपांची आणि शिरांची नावं मला इंग्रजीतच पाठ होती. ती मराठीत कुणाला सांगावी लागतील असं कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आईने मला नेहमीप्रमाणे गोंदियाहून पॅसेंजरमध्ये बसवून मावशीकडे पाठवलं. मावशीचं गाव आमगावच्या पुढे, स्टेशनपासून सायकलने जाण्याइतकं. काका नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर असायचे. घरात मावशी आणि तिचे सासरे, ज्यांना मी आजोबा म्हणायचे. मी तिथे फारसं बोलत नसे. मावशी सगळ्यांना सांगायची, आमची पोरगी इंग्रजीतच बोलते, म्हणून आपल्याशी गप्प राहते. मी त्यावरही काही बोलत नसे.

अंगणात पाय ठेवला तेव्हा मावशी घरात नव्हती. ती मागे कोठ्यात गाईसमोर उभी होती. तांबडी, गावठी गाय. मावशीने ती कालवड असल्यापासून वाढवलेली. आठ महिन्यांची गाभण होती आणि तिच्या गळ्याखालची पोळी एखाद्या भरलेल्या पिशवीसारखी लोंबत होती. मावशीने तिथे अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला, पीठ मळताना राहतो तसा.

शेजारी म्हणत होते घटसर्प आहे, विळा तापवून डाग दे. मावशीने दिला नव्हता. तिला वाटत होतं चटक्याने गाय घाबरेल आणि गाभ टाकेल. तिचं सगळं लक्ष तिथेच होतं. गाय वितेपर्यंत टिकली पाहिजे, एवढंच ती म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवर आला. तरुण होता, बाहेरचा, गावातल्यांशी हिंदीत बोलायचा. तो आधी गाईकडे नुसताच बघत राहिला. ती पुढच्या पायांची कोपरं अंगापासून बाहेर काढून उभी होती, काखेत काही दुखत असल्यासारखी. मग त्याने तिच्या मानेवरची शीर मला दाखवली. ती दोरखंडासारखी उठून आली होती. त्याने मधोमध अंगठा दाबला. निरोगी गाईत खालची बाजू लगेच रिकामी व्हायला हवी, तो म्हणाला, रक्त हृदयाकडे उतरून जायला हवं. इथे ती अंगठ्याच्या खालीही तशीच फुगलेली राहिली.

मी विज्ञान शिकते हे मावशीने त्याला अभिमानाने आधीच सांगून टाकलं होतं. त्याने कानातली नळी काढून माझ्या कानाला लावली. मला वाटलं होतं पुस्तकात लिहिलंय तसे दोन ठोके ऐकू येतील. आलं ते वेगळंच. अर्धा भरलेला पाण्याचा डबा कुणी लांब कुठेतरी हलवत असावं, तसा आवाज.

त्यानंतर तो माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. मावशी आमच्या मध्येच उभी होती, एकदा त्याच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत. तो म्हणाला, हिने तार किंवा खिळा गिळलाय. गाई चावत नाहीत, आधी गिळतात, रवंथ मागाहून. जड वस्तू पोटाच्या जाळीदार कप्प्यात पडते, आणि तो कप्पा हृदयाला जवळजवळ चिकटून असतो, मध्ये फक्त एक पडदा. कप्पा आवळला की तार पुढे सरकते. शिवाय पोटात वासरू वाढतंय. ते जसं वाढतं तसं सगळं पुढे ढकलतं. आता तार हृदयाच्या पिशवीत पोचली आहे, तिथे पू झालाय. यावर औषध नाही. मावशीला एवढंच सांग की उभी आहे तोवर विकून टाक, खाली बसली की दलालही हात लावणार नाही.

मग तो हिंदीत मावशीला म्हणाला की इंजेक्शन दिलंय, पुढचे पाय उंचावर ठेवा, आराम पडेल. आणि गेला.

मावशीने मला विचारलं, "एवढं बोलला अन् मले एवढंच सांगितलं?"

मी सांगितलं. एका दमात नाही सांगता आलं. हृदयाभोवती एक पिशवी असते, त्या पिशवीत पू भरलाय, म्हणून हृदयाला फुगायला जागा नाही. फुगलं नाही तर रक्त आत घेता येत नाही. मग अंगभरातून परत येणारं रक्त दारातच अडतं, मागे शिरांमध्ये साचतं, आणि त्यातलं पाणी झिरपून गळ्यात उतरतं. मावशी ऐकत होती. म्हणाली, "धानाच्या बांधीचं तोंड बुजलं तं पाणी मागंच भरते, तसं?" मी म्हटलं, तसंच. ती म्हणाली, मग तोंड उघडून का देत नाही? मी म्हटलं, यावर औषध नाही. विकायचंही सांगितलं. ती गाईकडे वळली.

एक गोष्ट मात्र मी गाळली. वासरू वाढतं तसं ते तारेला पुढे ढकलतं, ही. ती मी आजवर मावशीला सांगितलेली नाही.

तार कुठून आली, हे तिला विचारायची गरज पडली नाही. सूप विणणाऱ्या बाईचं गावात येणं बंद झालं होतं. जुन्या सुपाची कड सुटली तेव्हा मावशीने बांबूच्या कांबीऐवजी बारीक तारेने ती बांधली होती. त्याच सुपात ती रोज गाईसाठी कोंडा पाखडायची. संध्याकाळी मी पाहिलं तर ती उंबऱ्यावर बसून सुपाची तार एकेक वेढा सोडत होती. एका बाजूची बरीचशी तार आधीच नव्हती. उरलेली तिने चुलीमागे टाकली आणि कड सुटलेलं सूप भिंतीला उलटं टांगलं.

दलाल आला होता. मावशीने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. तो हसत म्हणाला, ताई, मग मातीच विकाल. आजोबा ओट्यावरून म्हणाले, "माती आमची हाये, तुले कायले चिंता?"

मग मावशीने मागच्या वाडीतली माती आणून, भिजवून, ठोकून कोठ्यात एक बुटका ओटा केला. गाईचे पुढचे पाय त्यावर चढवले. छाती उंच झाली की हृदयावरचा भार थोडा उतरतो, हे डॉक्टरने सांगितलं होतं आणि ते खरं असावं, कारण गाय त्या ओट्यावरून उतरायला तयार नसायची. धानाचं तणस तोंडाजवळ न्यावं लागे. मावशी तिच्या कुशीला हात लावून बसायची. आतून वासरू लाथ मारायचं तेव्हा मावशीचा चेहरा थोडा सैल व्हायचा.

एकदा तिने विचारलं, पोटातल्याचं हृदय वेगळं असतं का. मी म्हटलं, हो, रक्तही वेगळं असतं. आईचं आणि त्याचं रक्त वारेत शेजारी शेजारी वाहतं, पण मिसळत नाही.

"मंग इचं थांबलं तं त्याचंबी थांबन?"

"लगेच नाही," मी म्हटलं. "थोड्या वेळाने."

आजोबा घराच्या ओट्यावरून ऐकत होते. ते दिवसभर तिथेच असायचे, पण कोठ्यात यायचे नाहीत. त्याचं कारण मला आईकडून ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी गावात कुणाचंही ढोर मेलं की ते ओढून नेणं, सोलणं हे आमच्या लोकांनाच करावं लागे. ते काम त्यांनी वडिलांबरोबर केलं होतं. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्यावर कातडं सोलायची सुरी त्यांनी गावच्या बोडीच्या पाण्यात फेकली. मेलेल्या जनावराला पुन्हा हात लावणार नाही, असं सगळ्या मोहल्ल्यासमोर बोलले. त्यापायी गावाने त्यांचं पाणी आणि काम दोन्ही बंद केलं होतं. तरी त्यांनी हात लावला नाही. आजारी गाय बघितली की त्यांना पुढचं दिसत असावं.

गाय गेली ती भर दुपारी. हलक्या धानाची कापणी चालू होती, अख्खा मोहल्ला शेतात होता. आधी ती ओट्यावरून उतरली. मग पुढचे गुडघे टेकले, मान लांब केली, आणि एका कुशीवर पडली. मावशी तिच्या डोक्याशी बसली. तोंडातून फेस आला, डोळे उघडेच राहिले. मावशीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून म्हणाली, "हलून राहिलं."

मी पाहिलं. कुशीवरची कातडी आतून उचलली गेली, खाली बसली, पुन्हा उचलली गेली.

"बाबा, विळा आणा," मावशी म्हणाली.

आजोबा कोठ्याच्या दारात आले होते. त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "मेली का?"

हा प्रश्न त्यांनी मला का विचारला ते मला तेव्हाच कळलं होतं. मेली नसेल तर विळा लावणं म्हणजे मारणं. मेली असेल तर त्यांचं आयुष्यभराचं बोलणं मोडणं. मी खाली बसले आणि गाईच्या कोपराच्या मागे कान लावला. कातडी गरम होती. तो पाण्याचा आवाज नव्हता. काहीच नव्हतं.

"थांबलं," मी म्हटलं.

"मेलेल्याले हात नाई लावत म्हणून बोललो होतो मी," ते मावशीला म्हणाले.

"मेलेल्यासाठी नाई म्हणत मी, बाबा. आतमंदी जिता हाये."

ते आत गेले. विळा घेऊन आले. त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. त्यांचा हात जुन्या सवयीने चालला, हे मी पाहिलं, आणि ते मला विळ्यापेक्षाही भयंकर वाटलं. मी भिंतीकडे बघत राहिले. मावशीने हाक मारली तेव्हा वासरू तिच्या मांडीवर होतं. ओलं, तांबडं, आईच्याच रंगाचं. ती त्याला तणसाने घासत होती, नाकातलं बोटाने काढत होती, नाकपुडीत फुंकत होती.

"पाह्य, पाह्य लवकर, चालू हाये का," ती म्हणाली.

मी त्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवला. माझ्या हाताखाली ते धडधडत होतं. भराभर, माझ्या स्वतःच्या छातीपेक्षा जोरात. मी म्हटलं, चालू आहे. मावशी फुंकत राहिली. पण त्याने श्वास घेतला नाही. एकदा तोंड उघडलं, बंद केलं. ठोके लांब लांब पडायला लागले. प्रत्येक ठोक्यानंतर मी पुढच्याची वाट पाहत होते, आणि मग एकदा तो आलाच नाही. मावशीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझा हात बाजूला केला, आणि त्याच जागी स्वतःचा ठेवला. बराच वेळ ठेवला.

संध्याकाळी शेतातून लोक परत आले. कोठ्यालाच लागून खड्डा खणला, कुणालाही ओढावं लागू नये म्हणून. भिंतीची एक बाजू पाडून दोघांना तिथूनच आत सरकवलं. वासरू मावशीने उचलून ठेवलं. आजोबा त्या वेळी बोरिंगवर हात धूत होते. माती लावून, पाण्याने, पुन्हा माती लावून. हापसणाऱ्या बाया थांबून त्यांच्याकडे बघत होत्या.

त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात वंदनेला सगळे जमले. मी परत जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आजोबा बोरिंगवर पुन्हा माती लावून हात धुवून, पांढरी बंडी घालून आले, पण आत गेले नाहीत, पायरीवर बसले. त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ आतून म्हणाले, काऊन बाहेर, सोवळंओवळं पाळून राहिला का आता? कुणी हसलं नाही. मग मागून एक आवाज आला की बुढ्याने शेवटी ढोर फाडलंच.

आजोबांनी मान वर केली नाही. मला म्हणाले, "तुह्या हाताले लागत होतं न ते?"

मी हो म्हटलं.

"मंग सांग त्यायले."

मी कधी चारचौघांत बोललेली नव्हते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. मी दारात उभी राहिले. आत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मावशी खाली बघत होती. मी म्हटलं, वासराचं हृदय चालू होतं. आजोबांनी बाहेर काढलं तेव्हा ते जिवंत होतं. मी हात ठेवला होता. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, पण त्यांना आला असावा. ते मघाचे गृहस्थ सरकले आणि सतरंजीवर आपल्या शेजारी जागा करून आजोबांना म्हणाले, ये.

आजोबा उठले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "त्यायचं समाधान झालं, बाई. माह्यं नाई झालं."

आत वंदना सुरू झाली. आजोबांनी पायरीवर बसूनच हात जोडले. नखांच्या कडांना अजून माती होती.