संकोच म्हणजे आखडणं

संकोच हा शब्द संस्कृतातला. त्याचा मूळ अर्थ आखडणं, आक्रसणं. लासुर्ण्यात मी तो डोळ्यांनी पाहिला. धाकटी जाऊ उसातून परतली आणि ओसरीवर सासऱ्यांना बघून अंग चोरून उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय. काटा मोडलाय."

स्वयंपाक होईपर्यंत ती काट्याचंच सांगत होती. मग तिची जीभ जड झाली. मी तिला आत नेऊन पाहिलं, तर मांडीला साप चावलेला. सासऱ्यांनीच जीप इंदापूरकडे काढली. वाटेत तिच्या पापण्या मिटायला लागल्या.

"आक्का," ती पुटपुटली, "डोक्यावरचा पदर सरकलाय. मामंजी हायत पुढं."

तिला हात उचलता येत नव्हते. पदर मीच ओढला.