बाळारामचा भूकंप

क्लेम फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'भूकंप' लिहिलं होतं. घर मोहोपाड्याच्या अलीकडचं. मालक बाळाराम गायकवाड, रसायनीच्या एका कारखान्यात ऑपरेटर. बँकेच्या कर्जातून बांधलेलं घर, त्यामुळे विमा सक्तीचा. मागची भिंत पायापासून खिडकीपर्यंत फाटली होती आणि घरची माणसं भीतीने पडवीत झोपत होती.

मी तेव्हा विमा कंपनीच्या शाखेत क्लेम्स बघायची. अशा भेटीसाठी माझ्या डायरीत अकरा प्रश्न लिहिलेले असत. पहिला : शेजारच्या घरांचं काय झालं?

"कुणाचं काय नाय झालं," बाळाराम म्हणाला.

"म्हणजे भूकंप फक्त तुमच्याच घराखाली झाला?"

"बारकाच होता, बाई."

भूकंपासाठी जादा प्रीमियम लागतो आणि तो तुम्ही भरलेला नाही, असं मी सांगितलं. तो जराही खचला नाही.

"मंग पूर लिवा."

"नदी कुठे आहे?"

"ती तिकडं. खाली."

"आन् वीज?" त्याची बायको शेवंता आतून म्हणाली. "वीज चालत आसंल तर वीज लिवा."

एजंटाने त्यांना पॉलिसीतली संकटांची यादी वाचून दाखवली होती. टोपलीतली वांगी दाबून बघावीत तसं दोघं एकेक संकट चाचपत होते.

पाचवा प्रश्न : आसपास काही खोदकाम? दोघांची नजर एकदम मागच्या दाराकडे गेली. मी घरामागे गेले. भिंतीपासून पंचवीस पावलांवर विहीर होती. भोवती काळ्या दगडाचा ढीग, दगडांच्या कडा अजून धारदार.

"जुनी विहीर हाय ती," शेवंता घाईघाईने म्हणाली.

तेवढ्यात विहिरीचा मालक आला. बाळारामचा चुलतभाऊ, काशिनाथ.

"जुनी कशी? आत्ताच खोल केली. आठ सुरुंग लावलं, बाई! आख्खी वाडी हादरली."

"गप रं, काशा!" बाळाराम ओरडला.

काशिनाथला कळेना, आपण काय वाईट बोललो.

मग बाळारामने खरं सांगितलं. सुरुंगाचं नाव घेतलं तर भावावर केस होईल, म्हणून भूकंप. मी कपाळाला हात लावला. पॉलिसीत स्फोट होता. ज्या एका कारणाने पैसे मिळाले असते, तेच त्याने लपवलं होतं. पण भीती खोटी नव्हती. कंपनी क्लेम देते आणि मग ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून वसुली करू शकते. मी तेही सांगितलं.

"मंग नाय लिवायचं," बाळाराम म्हणाला. "पडू दे घर."

"लिवा, बाई," काशिनाथ म्हणाला. "याचं घर पडलं तर आख्खी वाडी मला रोज बोलंल. त्यापरीस कंपनी बरी. ती महिन्यातून एकदाच लिवंल."

मी नवा फॉर्म भरून घेतला.

ऑफिसात ब्रँच मॅनेजरने पॉलिसीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं : 'जोतं आणि पाया वगळून'. प्रीमियम जरा कमी व्हावा म्हणून बँकेतल्या कोणीतरी तशी खूण केली होती. बाळारामला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पॉलिसी इंग्रजीत होती, आणि बँकेच्या कपाटात.

"तडा पायातून वर गेलाय. क्लेम बसत नाही."

"तडा खालून वर गेला की वरून खाली आला, हे कोणी बघितलं, सर? सुरुंगाने दोन्ही हादरलं. पाया वगळलाय, भिंत वगळलेली नाही."

"म्हणजे फुटक्या पायावर नवी भिंत बांधायला आपण पैसे द्यायचे?"

"पॉलिसी आपणच लिहिलीय, सर."

भिंतीचा क्लेम पास झाला. यथावकाश काशिनाथला वसुलीचं पत्रही गेलं. त्याचं पोस्टकार्डावर उत्तर आलं : 'पाया आम्ही दोघा भावांनी नव्यानं भरला. माझी भरपाई तीच. येऊन बघून जावा.'

साहेबांनी मलाच पाठवलं. पाया पहिल्यापेक्षा भक्कम होता, आणि शेवंता घरात झोपायला लागली होती. वसुलीची फाइल मात्र पुढे कित्येक वर्षं उघडी राहिली, कारण सिमेंटमध्ये झालेली भरपाई लिहायला आमच्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

घराचा विमा काढणाऱ्यांना एवढंच सांगते. पॉलिसीत आधी 'वगळून' हा शब्द शोधा. घर बहुधा त्याच्यावरच उभं असतं.