दगडावरचा वाटीवाला

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळे सूनबाई जुन्या जैन दगडांवर इथं अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते म्हणजे काय करते, ते कळत नव्हतं. मी म्हणायचो, "दगड आमच्याकडं, अभ्यास फ्रिस्कोत. भले!"

बायको गेल्या हिवाळ्यात गेली, मुलाच्या याच घरात, खालच्या खोलीत. आम्ही जैन. आमच्यात बायका बारा महिने कशाचा तरी त्याग धरतात. कधी मीठ, कधी पालेभाजी. आजारात ती भाकरीचा त्याग म्हणाली, मग दुधाचा, मग ताकाचा. मला वाटलं, नेहमीचंच. हनुवटी धरून पेज भरवायचो. ती माझ्याकडं बघायची नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायची.

ती खुर्ची तिनंच पलंगासमोर मांडून घेतली होती. मध्ये पोथीचं घडीचं स्टँड. मला अडचण व्हायची, म्हणून मी खुर्ची रोज सकाळी भिंतीला लावायचो. "उठवू नका त्यांना," म्हणायची. दुपारी बघावं तर खुर्ची परत समोर. तिला तर कूसही बदलता येत नव्हती. मुलगा ऑफिसात, सूनबाई युनिव्हर्सिटीत. एकदा मी खुर्चीवर हात ठेवला. कोमट लागली. त्या दिवसापासून हलवली नाही.

परवा सूनबाईच्या लॅपटॉपवर एक फोटो दिसला. दगडात कोरलेली बाई, समोर बसलेले मुनी, मध्ये पोथीचं स्टँड. बायकोच्या खोलीतलीच मांडणी.

"हे काय गं?"

"निषिधी, बाबा. सल्लेखना घेऊन गेलेल्यांच्या आठवणीचा दगड. अन्न एकदम नाही सोडायचं. आधी धान्य, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. समोर गुरू बसतात."

मी खुर्ची ओढून बसलो. बाईच्या मागं एक माणूस वाकून उभा होता. हातात वाटी. तोंड झिजून सपाट झालेलं.

"हा कोण?"

"सेवक असेल. मी तसंच लिहिलंय."

"सेवकाला काय पडलंय एवढं वाकायला? नवरा आहे तो. खोड ते."

"बाबा, थिसिसमध्ये असं मनानं नाही लिहिता येत."

"मग मला सांग. बाईनं सगळं सोडलंय आणि या गाढवानं जबरदस्तीनं भरवलं. व्रत मोडलं का?"

तिनं लॅपटॉप बंद केला. माझ्याकडं बघितलं.

"बाबा, आईंच्या उशीचे अभ्रे मी धुवायचे. पेजेनं कडक झालेले असायचे. कांजी केल्यासारखे."

"किती पेज?"

"सगळी. तुम्ही वळलात की त्या गालातून सोडून द्यायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

पंधरा दिवस मी वाटी रिकामी करून समाधानानं उठत होतो.

"बरं केलं तिनं," मी म्हणालो, आणि सूनबाईला लॅपटॉप परत उघडायला लावला. त्या माणसाचं तोंड कुठं कुठं झिजलंय, ते मला नीट बघायचं होतं.