स्वेटरातले पट्टे

ऑक्टोबर हा आमचा माळेचा महिना. कॅनडात ब्रॅम्पटनमधली आमची वसईकडची दहा-बारा कॅथलिक कुटुंबं रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी जमून रोझरी म्हणतात. प्रार्थना झाली की उकडलेले चणे येतात आणि चणे संपेपर्यंत कोणी घरी जात नाही. २०१७च्या ऑक्टोबरात चणे संपल्यावरही आम्ही तिघं ज्याच्या त्याच्या बेसमेंटमध्ये बसून राहू लागलो, कारण आम्हाला मार्चमध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात स्कीइंगला जायचं होतं. लिफ्टवाल्या रिसॉर्टवर नव्हे. आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि कोणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं.

तिघांतला एक आमचा कप्तान, ट्रकिंगमध्ये डिस्पॅचर, म्हणजे कुठला ट्रक कुठे धाडायचा ते ठरवणारा. कप्तान हे पद त्याने स्वतःच स्वतःला दिलं आणि त्याच आठवड्यात नाव छापलेल्या टोप्या आणल्या. दुसरी आमची मैत्रीण, नर्स. तिला खरंच स्कीइंग येत होतं, म्हणून ती टोपी घालत नसे. तिसरा मी. वय बावन्न, स्कीइंग पन्नाशीच्या तोंडावर शिकलेलो, तेही सात वर्षांच्या मुलांच्या क्लासात. या देशात एकोणीस हिवाळे मी बर्फ फक्त शोव्हल केला होता, म्हणजे दारापुढून फावड्याने उपसला होता. एकदा तरी त्याच्या माथ्यावर उभं राहायचं, एवढीच माझी इच्छा.

अडचण एकच होती. डोंगरातल्या झोपडीत झोपायला चारच बंक. एक गाइडचा, एक कप्तानाचा, एक नर्सबाईंचा. चौथ्यावर मी गृहीत होतो, तोच कप्तानाला रिचमंड हिलचा त्याचा मेहुणा आठवला. मेहुण्याचं सगळं सामान नवं होतं.

"तसं नाही रे," कप्तान म्हणाला, "पण तुझं वय..."

"तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त आहे."

"तेच म्हणतोय मी."

शेवटी नर्सने तोडगा काढला. गाइडच्या पत्रात लिहिलं होतं, की दिवसभर चढायची ताकद नसेल त्याने येऊ नये. ग्वेल्फच्या पुढे तिच्या ओळखीच्या शेतकऱ्याची एक टेकडी होती. टेकडी बुटकी, म्हणून ती एका दिवसात दहादा चढायची. मी आणि मेहुणा, दोघांपैकी जो दहा पुरे करील, त्याचा बंक. दोघांनीही केले तर मेहुण्याचा, असं कप्तानाने हळूच जोडलं.

आता फक्त बर्फ हवा होता. त्या आठवड्यात माळेच्या शेवटी कप्तानाने उभं राहून एक खास विनंती मांडली. "येत्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडावा म्हणून आपण प्रार्थना करू या."

मग ट्रक चालवणारे एक अंकल बोलले, "भरपूर? तू मागतोस आणि हायवेवर माझ्या डोक्यावर पडतो, त्याचं काय?"

"आणि माझ्या ड्राइव्हवेवर," ज्या घरी माळ होती तिथली बाई म्हणाली. "मागायचा तर नीट पत्ता देऊन माग."

कप्तानाने घसा साफ केला. "ब्रिटिश कोलंबियात. सहा हजार फुटांच्या वर."

"आणि ग्वेल्फच्या पुढे, एका टेकडीपुरता," मी म्हणालो.

"आमेन," सगळे म्हणाले. उंची आणि पत्ता ठरवून केलेली एवढी नेमकी प्रार्थना मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

माझी स्की जुनी होती, ग्वेल्फमधल्या एका निवृत्त प्राध्यापकाकडून घेतलेली. चढताना स्कीच्या तळाला लांब पट्टे चिकटवतात. त्यांच्या एका बाजूला बारीक लव असते, तिच्यामुळे स्की मागे घसरत नाही. दुसऱ्या बाजूला गोंद. माथ्यावर पोचलं की पट्टे काढायचे, स्कीवरून खाली यायचं, पुन्हा चिकटवायचे. म्हाताऱ्याने ते माझ्या हातात देताना बजावलं, गोंद गारठला किंवा त्यावर बर्फ बसला की संपलं. जेवायला थांबलास तर अंगाशी धर, आजारी कोंबडीसारखे. म्हाताऱ्याकडे कोंबड्या होत्या, त्यामुळे उपमेवर माझा विश्वास बसला.

बर्फ डिसेंबरात पडला, मनासारखा. त्या शनिवारी सकाळपासून आम्ही चौघं टेकडीवर होतो. मेहुणा माणूस चांगला आणि पायाने माझ्याहून जलद. सहाव्या चढाला तो माथ्यावर उभा राहून मला टाळ्या वाजवत होता. मी अजून अर्ध्या वाटेवर होतो, आणि मार्चमध्ये मी घरीच असणार हे मला बऱ्यापैकी दिसू लागलं होतं.

सहाव्यानंतर जेवण. मेहुण्याच्या बॅगेतून पोर्क विंदालूचा अख्खा टोप निघाला. इथपर्यंत ठीक. मग कप्तानाने गाडीतून दोरी आणली, दोन झाडांना बांधली आणि आपले ओले पट्टे तिच्यावर टाकले. मेहुण्याने टाकले. नर्सनेही टाकले, कारण तीही शेवटी वसईचीच. तिघांचे सहा पट्टे वाऱ्यावर ओळीने लोंबकळताना पाहून मला क्षणभर बोंबलांचा वासही आला.

"अरे, ते काढा," मी म्हणालो. "अंगाशी ठेवायचे असतात."

"वाळवायचं कसं ते तू आम्हाला शिकवणार?" कप्तान म्हणाला. "माझ्या आजीने उभा जन्म बोंबील वाळवले."

"तिच्या बोंबलांना गोंद नव्हता."

"जेव गपचूप. आणि स्वेटरात काय कोंबलंयस? पोट कमी होतं का?"

मी जेवलो. पोटाशी दोन ओले पट्टे धरून विंदालू खाणं ही काही रुबाबदार गोष्ट नव्हे. तासाभरात वारा वाढला, भुरभुर बर्फ उडाला आणि दोरीवरच्या गोंदावर पिठासारखा बसला.

सातव्या चढाला माझे पट्टे स्कीला असे चिकटले जसे काही कधी सुटलेच नव्हते. मेहुण्याचे दहा पावलांत गळून पडले. त्याने बर्फ खरवडला, फुंकर मारली, टेप गुंडाळली. मग स्की खांद्यावर टाकून तो चालत निघाला, तर गुडघ्यापर्यंत रुतला. कप्तानाची तीच गत. नर्स टेकडीच्या पायथ्याशी बर्फात बसून हसत होती.

मी चढत राहिलो. हळू, कुठेही न थांबता. आठ. नऊ. दहाव्याला खालचा आरडाओरडा बंद झाला होता आणि स्कीखाली बर्फाची फक्त किरकिर ऐकू येत होती. माथ्यावर पोचलो तेव्हा चारी बाजूंनी पांढरी शेतं होती, आणि त्यातला एक इंचही मला शोव्हल करायचा नव्हता. खिशात बहिणीने वसईहून पाठवलेलं एक सुकेळं, म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं होतं. ते सावकाश खाल्लं. दोन्ही काठ्या उंच उचलून ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. मग खाली आलो, एकदाही न पडता.

मेहुण्याने मला मिठी मारली. "अंकल, बंक तुमचा," तो म्हणाला. अंकल हा शब्द मी त्या दिवसापुरता माफ केला.

आपले दोन गारठलेले पट्टे घेऊन कप्तान माझ्यासमोर आला. मग ते माझ्यापुढे धरले.

"जागा आहे का आत?"

मी स्वेटर उचलला. त्याचे दोन गेले, मागोमाग नर्सचे दोन. अंगावर काटा आला.

"हा स्वेटर मार्चमध्ये आण," कप्तान म्हणाला. "विसरू नकोस."